दशांश कधी चुकला नाही, पण घरचा हिशेब कुणी पाहिलाच नव्हता : एका कुटुंबाचं प्रकरण

हे प्रकरण एका जोडप्याचं आहे. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सगळ्यांच्या ओळखीचे, त्यांच्या विश्वासाबद्दल कुणाला शंका नाही, मलाही नाही. नावं देत नाही, दादा आणि वहिनी एवढंच म्हणतो, आणि ओळख पटेल असे तपशील गाळलेत. लिहायला दोघांनी आनंदाने होकार दिला, वहिनी तर म्हणाल्या की लिहाच, अशी किती घरं असतील. मी मंडळीत पैशाच्या अडचणीत सापडलेल्या कुटुंबांसोबत बसतो, त्यामुळे त्यांचं म्हणणं किती खरं आहे ते मला माहीत आहे.

दादांची पगाराची नोकरी. वहिनी घरून शिकवण्या घेतात. दोन मुलं शाळेत. दादांची आई विधवा आहे, दुसऱ्या गावी एकटी राहते. दादा मंडळीचे खजिनदार, शिवाय तरुण संघ त्यांच्याकडे, शिवाय घरोघरच्या प्रार्थना संगतीची जबाबदारी, म्हणजे आठवड्यातल्या चार संध्याकाळी माणूस घरी नाही. लग्न झाल्यापासून दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा देवाला द्यायचा तो, एकदाही चुकलेला नाही, पगार झाला की पहिला दशांश बाजूला, मग बाकीचं. हे मी कौतुकानेच सांगतोय, कारण पुढचं वाचताना कुणाला वाटू नये की यांचं देवावर प्रेम कमी होतं. उलट प्रेम भरपूर होतं म्हणूनच प्रकरण इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.

मंडळीने नवीन इमारतीचं काम काढलं. एका रविवारी उपासनेनंतर वचनपत्रं वाटली, कोण दर महिन्याला किती देणार ते लिहायचं, ज्यांना वाटेल त्यांनी उभं राहून सांगायचंही. दादा उभे राहिले. खजिनदारच मागे राहिला तर बाकीचे काय देणार असं त्यांना मनापासून वाटलं आणि त्यांनी दशांशापेक्षाही मोठा आकडा सांगितला, तीन वर्षांसाठी. वहिनी शेजारीच बसल्या होत्या. त्यांनाही तो आकडा सगळ्यांसोबतच कळला. टाळ्या वाजल्या. घरी जाताना त्या काही बोलल्या नाहीत, कारण देवाच्या कामाला नाही कसं म्हणायचं, आणि म्हटलं तर आपलाच विश्वास कमी पडला असं होईल.

दीड वर्ष असंच गेलं. मग मुलाची फी भरताना क्रेडिट कार्ड चाललं नाही. वहिनींना वाटलं मशीनची गडबड असेल, दुसऱ्यांदा केलं, परत तेच. संध्याकाळी त्यांनी दादांच्या मोबाइलवर बँकेचे मेल शोधले तर स्टेटमेंटचे मेल ओळीने पडलेले, कित्येक महिन्यांचे, एकही उघडलेला नाही. कार्डाची मर्यादा संपली होती. दादा कमीत कमी भरायची रक्कम तेवढी दर महिन्याला भरत होते, ती मेसेजमध्येच येते, त्यामुळे मेल उघडायची वेळच आली नव्हती, किंवा उघडायची हिंमत होत नव्हती, दोन्ही असेल. त्या रात्री दोघांचं खूप भांडण झालं आणि दोन दिवसांनी पास्टरांनी मला त्यांच्या घरी जायला सांगितलं.

मी गेलो तेव्हा दादा नुकतेच चर्चमधून आले होते, टेबलावर चर्चचं अर्पणाचं रजिस्टर होतं. मी ते उघडून बघितलं. इतकं स्वच्छ रजिस्टर मी क्वचित पाहिलंय. प्रत्येक रविवारची नोंद, नोटा किती, नाणी किती, ऑनलाइन किती, खाडाखोड असेल तिथे बाजूला छोटी सही आणि प्रत्येक पानाखाली दोन सह्या, एक दादांची आणि एक मोजायला बसलेल्या दुसऱ्या माणसाची. दादा म्हणाले, दोघांनी मोजल्याशिवाय पेटी बंदच करत नाही, देवाचा पैसा आहे. मी म्हटलं, आता घरचं रजिस्टर बघू. दादा गप्प. वहिनी म्हणाल्या, अहो, घरचं रजिस्टर कुठलं, सगळं यांच्या डोक्यात असतं.

माझ्या मते सगळं प्रकरण इथेच आहे. कारभारीपणाबद्दल, म्हणजे देवाने सोपवलेलं नीट सांभाळण्याबद्दल, आपण बोलतो तेव्हा चर्चा लगेच किती द्यायचं यावर जाते, दहा टक्के का जास्त, कापून हातात आलेल्या पगारावर का पूर्ण पगारावर. पण शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, कारभाऱ्याला धनी जो पहिला प्रश्न विचारतो तो किती दिलंस हा नाहीये. लूक १६ मध्ये धनी म्हणतो तुझ्या कारभाराचा हिशेब दे. मत्तय २५ मध्येही धनी परत आल्यावर चाकरांकडून हिशेब घेतो. आणि सुरुवातीच्या मंडळ्या उभ्या करणाऱ्या प्रेषित पौलाने यरुशलेममधल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा ती एकट्याने नेली नाही, सोबत मंडळ्यांनी निवडलेली माणसं घेतली आणि कारण स्पष्ट लिहिलं, २ करिंथ ८:२० आणि २१ काढून बघा, की आम्हाला कुणी दोष देऊ नये आणि गोष्टी फक्त प्रभूपुढेच नाही तर माणसांपुढेही चांगल्या दिसाव्यात. प्रेषित असलेला पौल जर स्वतःवर दुसऱ्यांची नजर मागून घेतो तर आपण घरात बायकोपासून, नवऱ्यापासून आकडे का लपवतो? स्तोत्र २४ म्हणतं पृथ्वी आणि तिच्यातलं सगळं परमेश्वराचं आहे. मग घरच्या खात्यातला पैसाही त्याचाच. चर्चची पेटी देवाची म्हणून दोन सह्या आणि घरचा पगार आपला म्हणून एकाच्या डोक्यात, हा फरक दादांनी कधी ठरवून केला नव्हता, तो आपोआप होत गेला.

मग आम्ही कागद घेतला आणि घरात दर महिन्याला येणारे सगळे पैसे मिळून १०० धरले, म्हणजे खरे आकडे बोलायचा संकोच वाटणार नाही. दशांशाचे १०. इमारत फंडाचे १२. घराच्या कर्जाचा हप्ता २७. मुलांची फी आणि क्लास १४. कार्डाचं कमीत कमी ८. घरखर्च वहिनींनी डायरीतून काढून सांगितला, ३२. बेरीज केली तर १०३ झाली. येतात १०० आणि जातात १०३, आणि वरचे तीन कार्डावर जातात, म्हणून दर महिन्याला भरूनही कार्डाचं कर्ज जवळपास तेवढंच राहतं. दादांनी बेरीज तीनदा केली.

कार्डाचं गणित त्यांना कुणी समजावून सांगितलंच नव्हतं म्हणून तेही सांगतो, बऱ्याच जणांना उपयोगी पडेल. त्यांच्या कार्डावर महिन्याला ३ टक्के व्याज होतं. ऐकायला थोडं वाटतं, पण व्याजावर व्याज धरून वर्षाला ते ४२ टक्क्यांच्या पुढे जातं. कमीत कमी रक्कम म्हणून बँक थकबाकीच्या ५ टक्के मागत होती, त्यातले तीनेक टक्के व्याजातच जायचे, मुद्दल जेमतेम दोन टक्क्यांनी कमी व्हायचं. म्हणजे कार्डावर एकही नवीन खरेदी न करता, एकही महिना न चुकता वर्षभर भरलं तरी कर्जाचा चौथा हिस्साही फिटत नाही. आणि हे तर त्यावर नवीन खर्चही टाकत होते. सरळ बोलायचं तर इमारत फंडाच्या बारातले काही पैसे कार्डावरून जात होते, देवाला द्यायला ४२ टक्क्यांनी कर्ज काढलं जात होतं. दादांना हे ऐकून फार वाईट वाटलं, मी ते वाक्य मऊ करू शकलो असतो पण केलं नाही.

यादी लिहून झाल्यावर मी विचारलं, आईचं कुठे लिहिलंय. त्या कागदावर आईची ओळच नव्हती. दादा म्हणाले पाठवतो की, उरलं की पाठवतो. उरतच नव्हतं हे तर समोर दिसत होतं. त्यांनी मोबाइल काढून आईचे मेसेज दाखवले, तिने कधी काही मागितलं नव्हतं, शेवटचा मेसेज होता की गोळ्या आहेत अजून, घाई करू नको, तुझं चर्चचं काम आधी. पुढच्या आठवड्यात दादा तिच्याकडे जाऊन आले तेव्हा कळलं की ती बीपीची गोळी रोजच्याऐवजी एक दिवसाआड घेत होती, पुरवून पुरवून. डॉक्टरांनी तिला चांगलंच रागावलं आणि गोळी परत रोज सुरू केली.

मार्क ७ मध्ये येशू परूश्यांना, म्हणजे परंपरा काटेकोर पाळणाऱ्या धर्मपुढाऱ्यांना, जे बोलतो ते मी त्या रात्री दादांना वाचून दाखवलं नाही, ते स्वतःच आठवण काढून बोलले. माणूस आईबापांना सांगतो की माझ्याकडून तुम्हाला जे मिळायचं ते कुर्बान आहे, म्हणजे देवाला वाहिलेलं आहे, आणि मग आईबापांसाठी काहीच करत नाही, आणि येशू म्हणतो तुम्ही असल्या परंपरेने देवाचं वचन रद्द करता. दादांनी असं ठरवून केलं नव्हतं हे मला मान्य आहे. पण परिणाम तोच झाला होता. १ तीमथ्य ५ तर अजून स्पष्ट आहे, तिथे विधवांचा विषय चाललाय आणि पौल म्हणतो मुलानातवंडांनी आधी घरच्यांशी सुभक्तीने वागायला शिकावं, आईवडिलांचे उपकार फेडावेत, आणि जो स्वतःच्या माणसांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारलाय, तो अविश्वासी माणसापेक्षा वाईट. एवढे कडक शब्द पौल पैशाबद्दल फार ठिकाणी वापरत नाही.

आता निर्णयाचा भाग, इथे मंडळीतच दोन मतं पडली. एक वडीलधारे होते ते म्हणाले कर्ज फिटेपर्यंत दशांशही थांबवा, रोमकरांस १३:८ म्हणतं कुणाचं देणं ठेवू नका, बँकेचे पैसे बुडवून देवाला द्यायचं कशाला. दुसरे म्हणाले मलाखी ३ वाचा, दशांश थांबवणं म्हणजे देवाला लुबाडणं, अजून द्या म्हणजे देव आकाशाची दारं उघडेल. दुसरं मत मला जास्त धोक्याचं वाटतं आणि का ते सांगतो. मलाखी ज्या भांडाराबद्दल बोलतोय ते मंदिराचं भांडार होतं, तिथल्या धान्यावर लेवी, म्हणजे मंदिरात सेवा करणारे लोक, जगायचे, आणि नहेम्या १३ मध्ये दिसतं की त्यांचे वाटे मिळेनात तेव्हा लेवी सेवा सोडून आपापल्या शेतांवर पळाले होते. शिवाय अनुवाद १४ प्रमाणे दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायचा होता, लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी येऊन पोटभर जेवावं म्हणून. म्हणजे ज्यांच्याकडे काही नाही त्यांचं पोट भरावं हा दशांशाचा हेतू होता. विधवा आई गोळ्या पुरवून घेत असताना अजून द्या, देव दुप्पट देईल असं सांगणं हे मलाखीच्या वचनाच्या अगदी उलटं आहे असं माझं ठाम मत आहे. पहिल्या मतात तथ्य होतं, पण दादा वहिनींना दशांश सोडायचा नव्हता, वहिनींनाच जास्त नव्हता, त्या म्हणाल्या आम्ही तो आनंदाने देतो, त्याने आम्हाला कधी त्रास झाला नाही, त्रास त्या बारांनी झाला. २ करिंथ ९:७ प्रमाणे ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यायचं असेल तर हा निर्णय त्यांचाच होता. दशांश राहिला.

प्रश्न होता वचनाचा. दादा म्हणाले मी सगळ्यांसमोर उभं राहून शब्द दिलाय, उपदेशक ५ म्हणतं नवस करून न फेडण्यापेक्षा नवस न केलेला बरा, आता मागे कसा फिरू. खरा विश्वासणारा माणूस इथेच अडकतो आणि त्याला नुसतं जाऊ द्या हो म्हणून चालत नाही. आम्ही लेवीय २७ वाचलं, हा अध्याय उपासनेत फारसा वाचला जात नाही. तिथे नवस केलेल्यांसाठी ठरलेल्या रकमा दिल्यात, आणि आठव्या वचनात लिहिलंय की कुणाची तेवढी ऐपत नसेल तर त्याने याजकापुढे जावं आणि याजकाने त्याच्या ऐपतीप्रमाणे रक्कम ठरवावी. म्हणजे नियमशास्त्रातच सोय आहे. ती चोरून नाही, याजकासमोर जाऊन, खरी ऐपत सांगून. आणि पौलही २ करिंथ ८:१२ मध्ये म्हणतो की मनाची तयारी असेल तर जे आहे त्याप्रमाणे दान मान्य होतं, जे नाही त्याप्रमाणे नाही.

दादा इमारत कमिटीपुढे गेले. वहिनी सोबत गेल्या, हे त्यांनी स्वतः ठरवलं. दादांनी कार्डासकट सगळं सांगितलं आणि १२ चे ३ करून द्या, मुदत वाढवा असं मागितलं. मला भीती होती की खजिनदार कर्जात म्हटल्यावर लोक चर्चच्या हिशेबावर संशय घेतील. दादांनी आधीच स्वतः सुचवलं की बाहेरच्या माणसाकडून चर्चचे मागच्या तीन वर्षांचे हिशेब तपासून घ्या. तपासले, एक नाणंसुद्धा इकडचं तिकडे नव्हतं. कमिटीने ३ मान्य केले. त्याच बैठकीत अजून एका सभासदाने मान खाली घालून सांगितलं की त्याचंही वचन तसंच आहे. मग एक नियम झाला, वचनपत्र रविवारी हातात द्यायचं, घरी नेऊन दोघांनी बसून भरायचं आणि पुढच्या रविवारी बंद पाकिटात आणायचं, उभं राहून आकडा सांगणं बंद. मला विचाराल तर हा नियम सगळ्याच मंडळ्यांनी करावा. प्रेषितांच्या कृत्यांत हनन्याने जमीन विकून थोडा पैसा मागे ठेवला आणि सगळा दिला असं दाखवलं, त्याला पेत्र हेच म्हणतो ना, जमीन विकायच्या आधी तुझीच होती, विकल्यावरही पैसा तुझ्याच हातात होता. सगळं आणून द्यायची सक्ती कुणी केली नव्हती, त्याचं पाप होतं खोटं दाखवणं. टाळ्या मिळतात तिथे दाखवायचा मोह होणारच, मग तशी जागाच का ठेवायची.

घरी मग नवीन कागद झाला. कार्ड कापून टाकलं आणि त्याचं कर्ज बँकेच्या साध्या, बऱ्याच कमी व्याजाच्या कर्जात फिरवलं, त्याचा हप्ता १२ बसला. आईचे ६ आता दशांशाच्या लगेच खाली लिहिलेत, पगाराच्या दिवशीच आपोआप जातात. घरखर्च ३२ वरून २६ वर आणला, हे सोपं नव्हतं, मुलांनाही बसवून सांगावं लागलं आणि मोठा काही दिवस रागावलेला होता. घराचा हप्ता आणि फी तेवढेच राहिले. बेरीज ९८, आणि उरलेले २ अडीअडचणीला.

वहिनींबद्दल वेगळं लिहायला हवं. पहिल्या दिवशी त्या सारखं म्हणत होत्या, माझं काय, माझं शिकवणीचं एवढंसं येतं, मी काय बोलणार. त्यांना वाटायचं पगार आणणाराच कारभारी. मी त्यांना मत्तय २५ मधल्या तालांताच्या दृष्टान्तातला हिशेब सांगितला, तिथे धनी चाकरांकडे कमीजास्त तालांत, म्हणजे पैसे, सोपवून जातो. एक तालांत म्हणजे साधारण ६००० दिनार आणि मत्तय २० प्रमाणे एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे ज्याला एकच मिळाला त्याच्याही हातात जवळपास वीस वर्षांची मजुरी होती. त्याला कमी मिळालं म्हणून तो दोषी ठरला नाही, त्याने ते जमिनीत पुरलं. आणि वहिनींकडे होतं काय, तर डायरी. घरातल्या एकेका खर्चाची तारीखवार नोंद त्यांनी वर्षानुवर्षं ठेवली होती, कुणी मागितली नाही म्हणून दाखवली नव्हती. ती नसती तर ३२ हा आकडा आम्हाला मिळालाच नसता. आता घरचं रजिस्टर त्या लिहितात, महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोघं बसतात, आधी छोटी प्रार्थना, मग आकडे, मग दोघांच्या सह्या. सह्या करायची कल्पना दादांची.

वेळेचंही असंच झालं. चार संध्याकाळांतल्या दोन परत घेतल्या, तरुण संघ दुसऱ्या एका जोडप्याकडे दिला. पास्टर आधी नाराज होते, दुसरं कोण करणार म्हणून, पण १ पेत्र ४:१० मध्ये प्रत्येकाला कृपादान, म्हणजे सेवेसाठी देवाने दिलेली देणगी, मिळालंय असं लिहिलेलं असताना एकाच माणसाने तीन जणांची सेवा अडवून ठेवायची हेही बरोबर नाही. नवीन जोडपं चांगलं करतंय, त्यांच्या पद्धतीने. खजिनदारपद दादांकडेच आहे, मंडळीने पुन्हा त्यांनाच निवडलं.

आज आठ महिने झालेत. कर्जाचा एकही हप्ता थकला नाही, अजून बराच काळ चालणार आहे. आईची तब्येत स्थिर आहे. भांडणं होतात अजून, एका शनिवारी तर सही न करताच उठले दोघं, पण मेल न उघडता राहत नाहीत. सध्या मतभेद चाललाय तो कर्ज फिटल्यावर मोकळ्या होणाऱ्या १२ बद्दल. दादांना त्यातले काही इमारत फंडात परत वाढवायचेत, वहिनींचं म्हणणं आई एकटी आहे, आधी तिच्याकडे दिवसभरासाठी कुणीतरी बाई ठेवू किंवा तिला इकडे आणू, मग बाकीचं. आईला अजून विचारलेलं नाही. पुढच्या शनिवारच्या बसण्यात तिला फोनवर घेणार आहेत.